पसंत नसल्यास बदलून मिळेल

"दुकानाचा पन्नास वर्षांचा इतिहास आठ पानांत लिहून द्या," असं आमच्या दुकानाच्या मालकीण मेरेटेबाई मला म्हणाल्या, तेव्हाच मी पाठदुखीचं कारण सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण कुणी 'लिहून द्या' म्हटलं की माझा तोल जातो. डेन्मार्कमधल्या आमच्या फोबोर्ग गावात गेल्या तीस वर्षांत कुणाची पन्नाशी की कुणाच्या लग्नाची पंचविशी माझ्या गाण्याशिवाय झालेली नाही. ओळखीच्या चालीवर चौदा कडवी लिहायची, छापून प्रत्येकाच्या ताटाशेजारी ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायची. माझं गाणं संपेपर्यंत सूप गार होतं अशी तक्रार करणारी माणसं गावात आहेत. कलेपेक्षा सूप मोठं मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

तर आमचं दुकान म्हणजे 'राउनहोल्ट फर्निचर'. मी तिथे चाळीस वर्षं विक्रेता आहे. मेरेटेबाईंचे वडील आक्सेल राउनहोल्ट यांनी ते १९४८ साली मासळीच्या एका बंद पडलेल्या दुकानात सुरू केलं. पहिल्या वर्षी गिऱ्हाइकं खुर्चीत बसायच्या आधी ती हुंगून बघत, असं आक्सेल स्वतः सांगायचे. मेरेटेबाईंनी हे वाक्य पहिल्याच खर्ड्यात उडवलं. साधी रेघ, अस्सल लाकूड आणि कागदी दोरीनं विणलेली बैठक, एवढंच आक्सेल विकत. ज्याला गोंडा, झालर, मखमल किंवा कोरीव सिंह चिकटलेला आहे, ते सामान आमच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही असं त्यांनी पहिल्या दिवशी ठरवलं, आणि पन्नास वर्षांत खरोखरच आलं नाही. पुढे अमेरिकेतली माणसं आमच्या खुर्च्यांसाठी वेडी झाली, मग जवळच्या ओडेन्से शहरातली झाली आणि सगळ्यात शेवटी फोबोर्गची झाली. त्र्याहत्तर साली तेलटंचाईत रविवारी मोटारी काढायला बंदी होती. सगळं गाव पायी हिंडत होतं आणि हिंडून हिंडून आमच्या काचेपुढे दमत होतं. तेवढ्या हिवाळ्यात आम्ही जितक्या खुर्च्या विकल्या तितक्या नंतर कधी विकल्या नाहीत. आता महामार्गावर मोठं दुकान झालंय आणि लोक तिकडे जातात. म्हणूनच मेरेटेबाईंना पन्नासावा वाढदिवस दणक्यात करायचा होता.

"आणि वेर्नर," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आपली पहिली खुर्ची शोकेसमध्ये पाहिजे."

आक्सेल प्रत्येक खुर्चीच्या बैठकीखाली तापल्या सळईनं आकडा उमटवत. एक नंबरची खुर्ची कुणाला विकली, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. हे मला माहीत होतं. तरीही स्थानिक पेपरातल्या बाईंनी फोन केला तेव्हा मी भरात येऊन सांगून बसलो की पंधरा मेला सकाळी ठीक दहा वाजता पहिली खुर्ची काचेमागे दिसेल, दिसेल म्हणजे दिसेल. त्यांनी ते माझ्या नावासकट ठळक छापलं.

"सापडली का खुर्ची?" पेपर वाचता वाचता माझी बायको सोल्वाय म्हणाली.

"सापडेल."

"म्हणजे न सापडलेली खुर्ची तू काचेमागे ठेवलीस."

सोल्वायच्या बोलण्यात उगाच तर्क फार असतो. मी तिला म्हटलं, मी ठरवलंय. ती म्हणाली, तू ठरवतोस तेव्हा मला त्यात कधी शंका नसते. हे कौतुक होतं असं मी तेव्हा धरून चाललो.

पहिल्यांदा मी गावच्या इतिहास-संग्रहालयात गेलो. ते महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दोन ते चार उघडं असतं. मी दोनला पोचलो. तिथे स्वेच्छेनं काम करणाऱ्या तीन निवृत्त शिक्षिका कुलूप उघडत होत्या. अडीचला कॉफी सुरू झाली. कॉफी साडेतीनला संपली आणि पावणेचारला आवराआवर सुरू झाली. मधल्या वेळात मला मासळीच्या दुकानाचे नऊ फोटो मिळाले.

मग शेजारच्या ओवेनं मदत करायचं मनावर घेतलं. ओवे जकात खात्यातून निवृत्त झाला, पण जकात खातं ओवेतून अजून निवृत्त झालेलं नाही.

"एकटादुकटा माणूस शोध घेतो म्हटल्यावर लोकांना संशय येतो," तो म्हणाला. "आधी मंडळ काढ. नियमावली पाहिजे, अध्यक्ष पाहिजे."

आमच्या देशात तिघं जण मंडळाशिवाय एका टेबलाशी बसले तर शेजारी पडदा सारून बघतात, त्यामुळे मला ते पटलं. 'पहिली खुर्ची शोध मंडळ' स्थापन झालं. ओवे अध्यक्ष, ओवेची बायको चिटणीस आणि मी साधा सभासद. पहिल्या दोन सभा मंडळ विसर्जित कसं करायचं या कलमावर गेल्या. माझा मुद्दा शेवटच्या 'किरकोळ' या सदरात घेतला, तोही वेळ उरल्यास. माझ्याच खुर्चीच्या शोधात मी किरकोळ झालो, ते मी गिळलं.

पेपरातलं निवेदन वाचून अकरा जणांनी अकरा एक-नंबरच्या खुर्च्या आणल्या. एकीवर एकचा आकडा पेन्सिलीनं काढलेला होता. एक तर न्हाणीघरातलं स्टूल होतं, ते खुद्द अध्यक्षांचं. बारावा आला तो फोन.

"मी केटी डामगोर्ड," पलीकडून म्हातारा पण खणखणीत आवाज आला. "एक नंबर माझ्याकडे आहे. तुम्ही कॉफीला या. पण आधीच सांगते, मी ती देणार नाहीये."

"मग?"

"बदलून घेणार आहे."

डामगोर्डबाईंचं घर बंदराच्या वरच्या अंगाला होतं. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, लहानखुऱ्या आणि अशा ताठ बसलेल्या, की मीही नकळत पोट आत घेतलं. मी खाली वाकून बघितलं तर बैठकीखाली एकचा आकडा, आक्सेलच्या हातचा, जरासा डावीकडे कललेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाळीस वर्षं जिच्या बहिणी विकल्या, तिला मी पहिल्यांदा भेटत होतो.

"किती सुरेख आहे," मी म्हणालो.

"बसून बघा. पन्नास वर्षं बसून बघा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नात ही खुर्ची सासूबाईंनी दिली. आमच्याकडे भेटवस्तूला दुकानातूनच बदलीची चिठ्ठी लावून देतात. न आवडलं तर घेणाऱ्यानं गुपचूप जाऊन बदलून आणायचं, आणि देणाऱ्यानं पुढच्या भेटीत काही विचारायचं नाही. फार सोयीची पद्धत आहे, देशात निम्मी लग्नं तिच्यावर टिकून आहेत. पण डामगोर्डबाईंच्या सासूबाई दर रविवारी कॉफीला यायच्या आणि आल्या आल्या खुर्ची जागेवर आहे ना, ते बघायच्या. असं एकतीस वर्षं चाललं.

"त्या गेल्या तेव्हा मला वाटलं, आता बदलावी," बाई म्हणाल्या. "पण माझा नवरा हेनिंग दर रविवारी त्या खुर्चीकडे बघून म्हणायचा, आईची निवड होती हो. चांगला माणूस होता, त्याला कुठे दुखवायचं. गेल्या वर्षी तोही गेला. आता मला कुणाचीच भीड नाही."

असं म्हणून त्यांनी प्रार्थनेच्या पुस्तकातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. त्यावर छापलं होतं: 'पसंत नसल्यास दुकानातील कोणत्याही वस्तूशी बदलून मिळेल.' खाली आक्सेलची सही होती. मुदत लिहायची असते तिथे काहीच नव्हतं.

मला घाम फुटला, कारण बासष्ट सालापर्यंत अशा बिनमुदतीच्या चिठ्ठ्या मी स्वतः हजारोंनी चिकटवल्या होत्या. मुदत कशाला घालायची, आपली खुर्ची कोण परत आणणार, असं आक्सेल म्हणत.

"बदल्यात काय हवंय तुम्हाला?" मी विचारलं.

बाईंचा चेहरा एकदम पंचवीस वर्षांचा झाला. "आरामखुर्ची. लाल वाइनच्या रंगाच्या मखमलीची. खाली गोंडे पाहिजेत. आणि इतकी खोल, की उठायला कुणीतरी हात द्यावा लागेल. लग्नाच्या आधी ओडेन्सेला एका काचेत बघितली होती. आणि अजून एक," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतिहास लिहिताय ना? त्यात लिहायचं, की ही खुर्ची केटी डामगोर्डला आवडली नाही. पन्नास वर्षं मी मान डोलावलीय. आता एकदा छापील पाहिजे."

मेरेटेबाईंनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. त्यांचं वय अठ्ठावन्न, वडिलांच्या हाताखाली रीतसर सुतारकाम शिकलेल्या, आणि त्यांना मी चाळीस वर्षांत टेकून बसलेलं पाहिलेलं नाही.

"गोंडे," त्या म्हणाल्या.

"हो."

"आपल्या दुकानात."

"चिठ्ठीवर सही तुमच्या वडिलांची आहे."

"चिठ्ठीवर दुकानातली वस्तू असं आहे. वडिलांचा शब्द मी पाळणार. त्यांना म्हणावं, या आणि दुकानातलं काय पाहिजे ते निवडा. आणि त्या वाक्याचं मग बघू."

डामगोर्डबाई चालताना धरायची चाकांची गाडी ढकलत आल्या आणि सकाळी दहापासून एकापर्यंत दुकानातल्या एकूण एक खुर्च्यांत बसल्या. मी मागे मागे हिंडत प्रत्येकीचे गुण सांगत होतो. एकेचाळिसाव्या खुर्चीतून उठून त्या मेरेटेबाईंपुढे उभ्या राहिल्या.

"सगळ्या चांगल्या आहेत," त्या म्हणाल्या. "पण सगळ्या माझ्या सासूबाई आहेत."

मेरेटेबाई हसल्या नाहीत. डामगोर्डबाईही हसल्या नाहीत. एक म्हणत होती, मखमल येणार नाही. दुसरी म्हणत होती, खुर्ची मिळणार नाही. आणि मध्ये मी, ज्यानं दहा वाजताचा वायदा पेपरात छापून घेतलेला. मी त्याच क्षणी निश्चय केला, की मखमलीची खुर्ची मी आणणार, ती दुकानातली वस्तू करणार आणि एक नंबर काचेमागे ठेवणार. मागे फिरायला मला तोंडच उरलं नव्हतं.

पण नव्वदीच्या दशकात डेन्मार्कमध्ये गोंड्यांची खुर्ची शोधून दाखवा. जुन्या बाजारात नव्हती, चर्चच्या विक्रीत नव्हती. आम्ही इतकी वर्षं लोकांची अभिरुची सुधारत नेली त्याचा मला पहिल्यांदाच ताप झाला. शेवटी वर्धापनदिनाच्या चार दिवस आधी ओवेचा ट्रेलर माझ्या मोटारीमागे जोडून मी ओवेला घेऊन नगरपालिकेच्या टाकाऊ सामानाच्या आवारात गेलो. आमच्या पुढच्याच ट्रेलरमधून एक गृहस्थ ती उतरवत होते. लाल वाइनच्या रंगाची मखमल आणि खाली चारी बाजूंनी गोंडे.

"थांबा," मी ओरडून धावलो, आणि त्यांच्या हातातून ती खुर्ची धरली.

"पाय बघा," मागून आवाज आला. आवाराचा रखवालदार टागे नारिंगी जाकिटात उभा होता. जमिनीवर एक पिवळी रेघ होती. रेघेपलीकडे गेलं ते नगरपालिकेचं, ते परत उचललं तर चोरी, असा नियम आहे. खुर्चीचा एक पाय रेघेपलीकडे टेकला होता.

"तीन पाय तुमचे," टागे म्हणाला. "एक नगरपालिकेचा."

"अहो, एका पायाचं काय घेऊन बसलात?"

"मी नाही घेऊन बसलो. तुम्हीच घेऊन चाललाय."

सामान परत मिळण्याचा अर्ज असतो, पण तो टाउन हॉलमध्ये द्यायचा, आणि ज्या बाई तो घेतात त्या रजेवर, सव्वीस तारखेला येणार. ओवेला सांगितलं, तू जरा बोल. तर ओवे म्हणाला, "टागेचं बरोबर आहे. मीसुद्धा असंच हटकलं असतं." आमचा अध्यक्ष ऐन वेळी समोरच्या पक्षात गेला. मग मी खुर्ची आडवी करून बघितलं. जुन्या खुर्च्यांचे पाय मळसूत्री असतात. मी नगरपालिकेचा पाय पिरगाळून काढला, रेघेपलीकडे नीट उभा करून ठेवला आणि टागेला सलाम केला. त्यानं वहीत नोंद केली: लाकूड, रंगवलेलं, एक नग.

तीन पायांची खुर्ची ट्रेलरवर बांधून आम्ही निघालो. मला वाटलं होतं, मागच्या रस्त्यानं जाऊ. पण मागच्या रस्त्यावर नळाचं काम चाललं होतं. म्हणून भर बाजारातून, चर्चवरून, दोन्ही बेकऱ्यांपुढून जावं लागलं. वारा समुद्राकडून होता आणि सगळे गोंडे मजेत नाचत होते. चाळीस वर्षं जे लोक माझ्याकडून साधी रेघ म्हणजे काय ते ऐकत आले, ते फुटपाथवर थांबून बघत होते. दाताच्या डॉक्टरांनी टोपी काढली, ती नेमकी कुणासाठी ते मला कळलं नाही. पेपरातल्या बाईंनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या पानावर होता, आणि खाली डामगोर्डबाईंची हकिकत, चिठ्ठीच्या मजकुरासकट.

मेरेटेबाईंनी पेपर वाचला होता. मी मागच्या दारानं खुर्ची आणली तेव्हा त्या कार्यशाळेत उभ्याच होत्या. चौथ्या पायाच्या जागी मी लाकडाचा एक ठोकळा खिळ्यांनी ठोकला होता. त्यांनी गोंड्यांकडे बघितलंच नाही. त्या वाकल्या आणि ठोकळ्याकडे बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

"मी."

"खिळे," त्या म्हणाल्या. इतक्या दुःखानं, की मखमलीबद्दल बोलायची हिंमत मला तेव्हाच आली.

मी म्हणालो, "मेरेटेबाई, ज्या बाईनं तुमच्या वडिलांच्या खुर्चीला पन्नास वर्षं नावं ठेवली नाहीत, तिला हवी ती खुर्ची आपण देऊ शकत नसू, तर हा इतिहास मी कसा लिहू? मला जमणार नाही. दुसरं कुणी बघा." मी हे मनापासून म्हणालो. आणि म्हटल्यावर घाबरलो, कारण दुसरं कुणी म्हणजे ओवे.

मेरेटेबाईंनी कोट काढून खुंटीला लावला, ठोकळा उपटला आणि बीचच्या लाकडाचा एक तुकडा यंत्रावर चढवला. आमच्या दुकानाचा तो सडपातळ, खाली निमुळता होत जाणारा पाय त्यांनी दीड तासात घडवला, घासला, तेल लावलं, बसवला. खुर्ची उभी राहिली. तीन जाडजूड कोरीव पाय आणि एक आमचा.

"आपल्या कार्यशाळेचा हात लागला ती आपली वस्तू," मेरेटेबाई हात पुसत म्हणाल्या. "लागला तर नीट लागला पाहिजे, एवढंच. दुकानात मांडा."

मग त्यांनी माझी आठ पानं मागितली आणि लाल पेन्सिल घेतली. 'अभिजात', 'अजरामर', 'अलौकिक' एकजात गेलं. आक्सेलवरचं माझं कडवं गेलं. डामगोर्डबाईंचं वाक्य आलं तिथे पेन्सिल थांबली. पहिली खुर्ची श्रीमती केटी डामगोर्ड यांनी पन्नास वर्षं वापरली, ती त्यांना आवडली नाही. मेरेटेबाईंनी ते दोनदा वाचलं.

"हे राहू द्या," त्या म्हणाल्या. "एवढंच नीट लिहिलंय तुम्ही."

पंधरा मेला सकाळी बाजारात सगळीकडे झेंडे होते. पाव, चीज आणि कडू दारूचे छोटे पेले मांडून आम्ही तयार होतो. नऊ वाजता डामगोर्डबाई आल्या, एक नंबर आमच्या ताब्यात दिली, मखमलीच्या खुर्चीत बसल्या आणि खाली खाली जात राहिल्या, पार गोंड्यांपर्यंत. त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता मला दुपारपर्यंत उठवू नका." ठीक दहा वाजता एक नंबर काचेमागे होती. मी छाती काढून दार उघडायला गेलो.

बाहेर रांग होती. अभिनंदनाला येणाऱ्यांची असते तशी नाही. हिच्यात बहुतेक म्हातारी माणसं होती, आणि जवळजवळ प्रत्येकाबरोबर एक खुर्ची होती. रस्त्याच्या कडेला ट्रेलर लागले होते. पहिल्या नंबरला निवृत्त पोस्टमास्तर उभे होते आणि त्यांच्यामागे एक अख्खा सोफा.

"एकसष्ट साल," ते म्हणाले आणि चिठ्ठी पुढे केली. "बहिणीनं दिला होता. ती आता स्पेनला राहते, तिला कळणार नाही."

रांगेत पाठीमागे एक बाई नवऱ्याला विचारत होत्या, की तुला आवडत नव्हती तर छत्तीस वर्षं बोलला का नाहीस, आणि तो म्हणत होता की तू बोलली नाहीस म्हणून. मी हादरलो. सगळं गाव आमच्या खुर्च्यांवर एकमेकांची मर्जी राखून बसलं होतं, आणि त्यातल्या कितीतरी खुर्च्या मी विकल्या होत्या. मी मेरेटेबाईंकडे वळलो. म्हटलं, दार लावून घेतो, मुदतीचं काहीतरी काढू, ओवे नियम शोधेल.

"सही वडिलांची आहे," मेरेटेबाई म्हणाल्या. "वेर्नर, टेबल लावा."

बेकरीवाल्यानं त्याचं नंबराच्या चिठ्ठ्यांचं यंत्र आणून दिलं. त्यातली चिठ्ठ्यांची गुंडाळी आधीच अर्धी वापरलेली असल्यामुळे आमचा पहिला माणूस सत्त्याऐंशी नंबरचा झाला. ओवे दारात उभा राहून यंत्र सांभाळत होता, आणि त्याला इतकं सुखी मी जकात खातं सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. मी टेबलामागे बसलो. आक्सेलनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं तसं प्रत्येकाला विचारत गेलो, काय हवं होतं तुम्हाला? मजा म्हणजे निम्म्यांना दुसरं काहीच नको होतं. सांगून टाकलं, एक पेला घेतला आणि तीच खुर्ची उचलून घरी घेऊन गेले. पोस्टमास्तर मात्र सोफा सोडून गेले.

"एकशे चार," मी हाक मारली.

समोर सोल्वाय उभी होती. तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरून आमच्या जेवणघरातली खुर्ची आणली होती. आमच्यात जेवणाच्या खुर्च्या एकदम घेत नाहीत, वाढदिवसाला एक एक घेतात. सोल्वायच्या सहा वाढदिवसांना मी सहा खुर्च्या आणल्या होत्या, सेट पुरा झाला तेव्हा सगळ्या शेजाऱ्यांना बोलावलं होतं आणि त्यावर गाणं लिहिलं होतं. ही पहिली होती. चिठ्ठी मीच चिकटवलेली, अक्षर माझं.

डामगोर्डबाईंनी डोळे उघडले.

मला फार लागलं, खोटं कशाला सांगू. घरी सांगता आलं असतं. सगळ्या गावासमोर, नंबर घेऊन. मी उठून म्हणणार होतो, सोल्वाय, हा काय प्रकार आहे. पण ती नंबराची चिठ्ठी पुढे करून इतकी शांत उभी होती, की मला दिसलं, ही घाबरलीय. घाबरूनही रांगेत तासभर उभी राहिलीय.

मी बसूनच राहिलो.

"काय हवं होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"सायकल," ती म्हणाली. "सहाही वर्षं. तू मला विचारशील म्हणून थांबले होते."

सहा वर्षं ही बाई पायी चालत माझ्यासाठी पाव आणायची आणि मी आणलेल्या खुर्चीवर बसायची. चाळीस वर्षांत या दुकानात आलेल्या परक्या माणसालाही जे मी विचारलं, ते मी हिला विचारलंच नव्हतं.

"सायकल आपण ठेवत नाही," मी म्हणालो.

"वेर्नर," मागून मेरेटेबाई म्हणाल्या, "सोमवारपर्यंत आपण मखमलही ठेवत नव्हतो."

मी उठलो आणि ओवेला टेबलामागे बसवलं. समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानात सोल्वायला घेऊन गेलो आणि दारातच थांबलो. म्हटलं, मी आत येत नाही. तू बघ, तुला कुठली हवी ती. ती आत गेली आणि तिनं फार वेळ लावला. मी बाहेर फुटपाथवर उभा राहून वाट बघत होतो.